मानेवरची सातवी जट

संपादकांचं पत्र आलं. बाई, तुम्ही इतकी वर्षं मिशनमध्ये काढलीत, एखादा चमत्कार लिहून पाठवा, असं त्यात होतं. चमत्काराच्या बाबतीत माझा हात जरा आखडताच आहे. जे पाहिले ते सांगता येत नाहीत, आणि लोक जे सांगतात ते मी पाहिलेले नाहीत. तेव्हा मी आपलं माझ्या कात्रीबद्दल लिहिते. ती अजून माझ्याजवळ आहे, आणि तिची एक गोष्ट मी कोणालाच सांगितलेली नाही.

मी बायबलबाई होते. आता हा शब्द कोणाला कळायचा नाही. पाळकसाहेब गावात आले की पारावर पुरुषांत बसत. बायकांच्या चुलीपर्यंत त्यांना जाता येत नसे. तिथं आम्ही जायचं. खांद्याला पिशवी, पिशवीत खरजेचं मलम, डोळ्यांत घालायचं औषध, पहिलीचं पुस्तक, गाण्यांची वही आणि कात्री. वर्ध्याहून आंजीपर्यंत मिळेल ते वाहन, पुढे पायी किंवा बैलगाडीनं. गावातले लोक मला 'मिसनवाली बाई' म्हणत. बायका औषधासाठी जवळ येत, मग गाण्यासाठी बसत, आणि त्यांतली एखादी बऱ्याच महिन्यांनी हळूच विचारी, की बाई, मले पानी भेटन का?

पाणी म्हणजे बाप्तिस्मा. आमच्या मिशनमध्ये मोठ्या माणसाला नदीत पूर्ण बुडवून बाप्तिस्मा देत. जुनं माणूस पाण्यात मरतं, नवं वर येतं, आणि ज्या दुष्टाची सत्ता जुन्यावर होती त्याची नव्यावर राहत नाही, ही त्यामागची शिकवण. पाळकसाहेब काठावर उभे राहून ती छान समजावून सांगत. माझ्या वाट्याला व्यवहार येई. लुगडं पाण्यात शिरलं की हवा भरून फुगतं आणि वर येतं, म्हणून आदल्या दिवशी काठात खडे बांधायचे. कोरडं लुगडं घडी घालून तयार ठेवायचं. आणि कमरेएवढ्या पाण्यात त्या बाईच्या पाठीशी उभं राहून कानात सांगायचं, "भिऊ नोको, मी धरून हावो." जन्मभर नदीचं पाणी फक्त घागरीत भरलेल्या बाईला उताणं पाण्यात झोपवायचं म्हणजे तिला तो मृत्यूच वाटतो. शिकवणही तेच सांगते म्हणा, पण हातापायांना शिकवण कुठली कळायला? माझ्या दंडावर कितीतरी बायकांची नखं उमटली आहेत.

पाण्यात शिरण्याआधी दोऱ्यांचा नियम होता. गळ्यातले, दंडातले, कमरेचे, मंतरलेले, नवसाचे, नजरेचे, सगळे दोरे उतरवायचे. आणि ज्याचा दोरा त्यानंच तोडायचा. मी फक्त कात्री पुढे करायची. मी तोडला तर पुढे काही झाल्यावर ती म्हणणार, मी कुठं सोडलं होतं, बाईनं कापलं. एवढ्याशा सुतासाठी बायकांचे हात थरथर कापत. मी मोठ्या शहाणपणानं म्हणायची, त्यात काय भ्यायचं, सूतच तर आहे. माझ्या अंगावर कधी दोरा नव्हता. माझी आईच लग्नाआधी ख्रिस्ती झालेली. दुसऱ्याचा दोरा सूतच दिसतो.

समुद्रपूरकडची एक म्हातारी आठवते. पाळकसाहेबांनी तिला पाण्यात उभं करून विचारलं, सैतानाला आणि त्याच्या सर्व कामांना सोडून देतेस काय? म्हातारी गप्प. पुन्हा विचारलं, तरी गप्प. शेवटी ती माझ्याकडे वळून म्हणाली, "सोडतो मी, पन नाव नाई घेत. नाव घेतलं का येते." काठावर सगळे हसले, मीसुद्धा हसले. पाळकसाहेब मात्र हसले नाहीत. त्यांनी विचारलं, बरं, त्याला सोडतेस का? "त्याले सोडतो," म्हातारी म्हणाली आणि नाक दाबून खाली गेली. नावाला भिण्यात काय असतं ते मला पुढच्याच वर्षी कळलं.

आंजीच्या पुढे नदीकाठी एक गाव आहे. त्याचं नाव लिहीत नाही, कारण ज्यांच्याबद्दल मी लिहिणार आहे त्यांची नातवंडं अजून तिथं नांदतात. त्या गावची गिरजा आंजीच्या बाजारात मला शोधत आली. तिशीची असेल. उंच, वाळलेली, आणि डोक्यावर जटांचा भारा. पदर त्यावर बसतच नव्हता. तिला पाहून बाजारातल्या बायका बाजूला होत, काही पाया पडत. ती माझ्यासमोर बसली आणि तिनं सरळ विचारलं, "पान्यात बुडवून आतलं काढता म्हन्ते तुमी. माह्यातलं निघन का?"

मग तिनं सांगितलं ते असं. पंधराव्या वर्षी ताप आला, तापात केस गुंतले आणि जटा झाल्या. लोकांनी तिला देवीची केली. दर मंगळवारी तिच्या अंगात यायचं आणि लोक आपले प्रश्न घेऊन बसायचे. दोन वर्षांपूर्वी गावात हगवण-ओकारीनं लेकरं गेली. लोकांनी तिला विचारलं, लेकरं कोण खातं? आणि तिच्या तोंडातून नाव निघालं, बयना. बयना ही गावची सुईण. गिरजाची स्वतःची नाळ तिनंच कापलेली. लोकांनी त्या म्हातारीचे दात पाडले, तिला शिवेबाहेर हाकललं. चार दिवसांनी ती नाल्यात सापडली.

हे सांगताना गिरजाचा आवाज वरखाली झाला नाही. तोंडावर हात ठेवून ती म्हणाली, "देवी असं नाव घेत नाई, बाई. दुसरंच कोनी बोललं. अन् तोंड माहं होतं."

भर दुपार होती, भोवती मिरच्यांचे ढीग आणि बैलांच्या घंटा. तरीही माझ्या अंगावर काटा आला. मी सैतानाबद्दल इतकं शिकवलं होतं, पण तो कोणाच्या तोंडातून बोलून गेला असं सांगणारी बाई समोर कधी बसली नव्हती. मला उठून जावंसं वाटलं. तिला एवढंच हवं होतं, की आपल्या तोंडातून पुन्हा कोणाचं नाव निघू नये.

सहा महिने ती माझ्याजवळ शिकली. दर मंगळवारी घराला कडी लावून सात मैल चालत आंजीला यायची, म्हणजे लोकांना ती सापडू नये. प्रभूची प्रार्थना तिनं एका दिवसात पाठ केली. तीत वाइटापासून सुटका मागितली आहे तिथं आली की थांबायची आणि ते एवढंच तीनदा म्हणायची. पाळकसाहेबांनी तिची परीक्षा घेऊन रविवार ठरवला आणि मला म्हणाले, रत्नाबाई, जटा उतरवून घ्या. जसं काही मला गवार मोडायला सांगत होते.

अडचण कळायला वेळ लागला नाही. जटा म्हणजे दोरा नव्हे. डोक्यावरच्या जाड जटा गिरजाला स्वतःला कापता येईनात. न्हाव्यानं कानांना हात लावले. तिचा नवरा घर सोडून भावाकडे जाऊन बसला. जो जट कापतो त्याच्या घरातलं एक माणूस जातं, हे तिथं पोराटोराला माहीत. माझ्या आईनं तीस वर्षं चर्चच्या पहिल्या बाकावर काढली, पण रस्त्यात जटावाली दिसली की ती माझा हात घट्ट धरून पलीकडे जायची. आणि मला तेव्हा पाचवा महिना होता. आधीची दोन सातव्या महिन्यातच गेली होती. आमचे हे मिशनच्या शाळेत मास्तर. त्यांना मी हळूच विचारलं, कापू का? ते म्हणाले, तूच लोकांना शिकवतेस ना? त्यांचंही बरोबर होतं.

शनिवारी दुपारी तिच्या घरात मी कात्री काढली. गिरजा भिंतीकडे तोंड करून बसली होती. बाहेर गल्लीत चिटपाखरू नव्हतं. बायकांनी लेकरं घरात घेऊन दारं लावली होती. जटा एकूण सात. पहिलीला हात लावला तर ती कोमट लागली. जिवंत काहीतरी धरल्यासारखं वाटलं मला. कात्री चालेना, दोन्ही हातांनी दाबावी लागली. धूळ, तेल, जुना धूर यांचा वास नाकात बसला. एकेक जट जमिनीवर पडताना धप्प आवाज होई. मी मोजत होते. सहा झाल्या. सातवी मानेवर होती, करंगळीएवढी. मी कात्री लावली, आणि त्याच वेळी पोटात लेकरू हललं. पहिल्यांदाच.

मी कात्री काढून घेतली. एक राहू दे, मनात म्हणाले. कोणाला म्हणाले, देव जाणे. देवाला तर नक्कीच नाही. उरलेल्या केसांत ती जट दडवली, वरून फडकं घट्ट बांधलं आणि तिला सांगितलं, झालं, कातडी सोलवटली आहे, पाण्यातून निघेपर्यंत हात लावू नकोस.

"सगळ्या?" तिनं विचारलं.

"सगळ्या," मी म्हणाले.

रविवारी सकाळी नदीच्या डोहावर ती सगळ्यांसमोर मोठ्यानं म्हणाली, सोडतो. मी पाठीशी होते. "मी धरून हावो," मी कानात सांगितलं. तिनं माझा दंड धरला नाही. इतकी निश्चिंत खाली गेलेली बाई मी दुसरी पाहिली नाही. त्या वेळी मला ओरडून सांगावंसं वाटलं होतं. सांगितलं नाही.

नंतरचे दोन महिने मी आंजीकडे फिरकले नाही. पाय सुजतात असं सांगितलं, आणि ते सुजतही होते. रोज सकाळी पोटावर हात ठेवून लेकरू हलतंय का बघायची. हललं की वाटायचं, ती एक जट राखली म्हणून. नाही हललं की वाटायचं, त्या सहा कापल्या म्हणून. देवाचं नाव घ्यायला मला तोंड नव्हतं.

सातवा महिना लागला आणि गिरजाची नणंद निरोप घेऊन वर्ध्याला आली. गिरजानं अन्न सोडलंय, तोंडात बोळा कोंबून वर फडकं बांधून बसलीय. शेजारच्या घरचं लेकरू तापानं फणफणलंय आणि लोक दाराशी येऊन बसलेत, नाव सांग म्हणून. मी गाडी जुंपायला लावली. आमचे हे नको म्हणाले. मलाही जायचं नव्हतं. वाटेत प्रत्येक दगडाला मी पोट धरून बसले होते.

दारात आठदहा पुरुष बसलेले. एकाच्या हातात लिंबू होतं. मला वाट द्यायला ते उठले नाहीत, नुसते पाय आखडून घेतले. आत गिरजा कोपऱ्यात होती. मी दार लोटून घेतलं तेव्हा तिनं फडकं सोडलं, बोळा काढला, आणि पाठ फिरवून मान दाखवली.

"पान्यातूनच उगली," ती म्हणाली. "तुमी सगळ्या कापल्या. संध्याकाळी हात लावला तं ही होती. थो बुडाला नाई, बाई. थो अथीच हाय. आता म्या तोंड उघडलं तं कोनाचं नाव निघन?"

मी खाली बसले. दोन महिने ही बाई त्या करंगळीएवढ्या केसांना भीत होती आणि तिकडे मीही त्यांनाच भीत होते. फरक एवढाच, की मला खरं माहीत होतं. ती डोहात उतरून जीव द्यायच्या बेतात होती, हे तिनं नंतर सांगितलं. तेव्हा मी फक्त तिचे ओठ पाहिले. बोळ्यानं कोपरे फाटले होते.

मी सांगितलं. ती उगवली नाही गिरजे, मी ठेवली. कापायला भ्याले. खोटं बोलले.

बाहेर कोणीतरी खोकलं.

"काऊन ठेवली?" तिनं विचारलं.

मी पोटावर हात ठेवला. तिला कळलं. तिची नजर माझ्या पोटावरून कात्रीच्या पिशवीवर गेली, आणि मग ती विचार करत करत म्हणाली, "मंग थो माह्यात नवता."

कोणात होता हे तिनं विचारलं नाही, तिचे उपकार. मी कात्री काढली. आता तरी कापावी, जे व्हायचं ते होवो, असं ठरवून तिच्या मानेकडे हात नेला. तिनं मनगट धरलं. "तुमी नोका. ज्याचं त्यानं तोडाचं, तुमीच सांगितलं होतं," असं म्हणून तिनं कात्री घेतली, डाव्या हातानं जट ओढून धरली आणि दोनतीन घावांत कापून माझ्या पदरात टाकली. मग डोकं न झाकता दार उघडून बाहेर गेली.

मी उंबऱ्यात उभी होते. आता दगड येतील असं मला वाटलं होतं. गिरजा त्या पुरुषांसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "माह्यात कोनी नाई. तवा बी नवतं. बयनाबुढीनं कोनाचं लेकरू खाल्लं नाई. थे म्याच बोललो. आता पोट्ट्याले दवाखान्यात न्या."

लिंबूवाला उठला. त्यानं तिच्या उघड्या डोक्याकडे पाहिलं, जमिनीवर थुंकला आणि निघून गेला. एकेक करून बाकीचेही गेले. लेकराचा बाप तेवढा राहिला. माझ्याच गाडीत घालून आम्ही ते लेकरू वर्ध्याच्या दवाखान्यात आणलं. विषमज्वर होता. ते वाचलं. ते गेलं असतं तर गिरजाचं काय झालं असतं, याचा विचार करायची मला अजून हिंमत होत नाही.

पाळकसाहेबांना मी हे सांगितलं नाही. पुढे कोणाला पाण्यात उतरवायचं असलं की ते गिरजाच्या बाप्तिस्म्याचं उदाहरण देत आणि रत्नाबाईंच्या धैर्याबद्दल दोन शब्द बोलत. मी खाली मान घालून बसे, लोकांना वाटे विनय आहे. ते वारले, आता सांगून काय? गिरजानं ती जट कापली त्याच्या पुढच्याच वर्षी दसऱ्याला त्या गावातली बरीच घरं नागपूरला जाऊन बौद्ध होऊन आली. बयनाबुढीची सूनही त्यांत होती. तिनं घरातले देव टोपलीत घालून नदीत सोडले आणि हात झटकून परत फिरली. ना कात्री, ना धरायला कोणी. काठावरून मी ते पाहिलं आणि मला तिचा हेवा वाटला.

पण त्याआधी माझं लेकरू झालं. सातवा गेला, आठवा गेला, नवव्यात मुलगी झाली. मोठ्यानं रडली. लहान मुलांचा बाप्तिस्मा चर्चमध्येच, डोक्यावर पाणी घालून होई, आणि पाळकाच्या प्रश्नांना उत्तरं आईबापांनी द्यायची. त्या सकाळी गिरजा चालत आली होती. डोक्यावर बोटभर केस आले होते, त्यांना तेल लावून आली होती. चर्चच्या बाजूच्या खोलीत मी निऱ्या करत होते, म्हणून लेकरू तिनं घेतलं. झबलं नीट करता करता तिचा हात लेकराच्या कमरेशी थांबला.

मी निऱ्या तशाच धरून उभी राहिले. काळा दोरा होता. बाराव्या दिवशी, घरात कोणी नसताना, मीच बांधला होता. सगळं पाहून झाल्यावर, तिच्या दारातून परत आल्यावरसुद्धा. मी तो मंतरून घेतला नव्हता, नुसतं सूतच होतं.

आता ती काही बोलेल, असं मला वाटलं. बोलली असती तरी चाललं असतं. तिनं झबलं वर केलं, लेकरू माझ्यासमोर धरलं आणि बाकावर पडलेल्या माझ्या पिशवीकडे मान केली. मी कात्री काढली. हात असे कापायला लागले की पातं त्या कोवळ्या कातडीजवळ न्यायची भीती वाटली. आत गाणं संपलं. पाळकसाहेबांनी माझं नाव घेऊन हाक मारली, मग आणखी एकदा मारली. मी कात्री पुढे करून गिरजाला म्हणाले, तू काप.

तिनं हात पुढे केला नाही. लेकराला दोन्ही हातांनी घट्ट धरून ती खाली वाकली आणि माझ्या कानाशी म्हणाली, "भिऊ नोका, बाई. मी धरून हावो."